ब्रह्मपुत्रेचे दडलेले वळण

तिबेटच्या पठारावरून हजाराहून अधिक किलोमीटर पूर्वेकडे वाहत आलेली एक नदी अचानक ईशान्येकडे वळते, सात हजार मीटरहून उंच अशा दोन हिमशिखरांच्या मधल्या फटीत शिरते, त्यांपैकी एका शिखराला वळसा घालते आणि दक्षिणेकडे तोंड फिरवून थेट भारतात उतरते. नकाशावर हे वळण घोड्याच्या नालासारखे दिसते. वळणाच्या अलीकडे नदीचे नाव यारलुंग त्सांगपो. अरुणाचल प्रदेशात ती सियांग होते आणि आसामच्या मैदानात दिबांग व लोहित येऊन मिळाल्यावर ब्रह्मपुत्रा. या तीन नावांची नदी एकच आहे, हे निर्विवादपणे सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. कारण मधला दुवा, म्हणजे ही दरी, कोणी पाहिलेलीच नव्हती.

१९ जुलै २०२५ रोजी चीनचे पंतप्रधान ली छियांग यांनी तिबेटमधील न्यिंगची येथे या नदीवरील महाकाय जलविद्युत प्रकल्पाच्या कामाचा प्रारंभ केला आणि हे दुर्गम वळण पुन्हा एकदा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. चीन पाणी पळविणार का, हा प्रश्न त्यानंतर भारतात वारंवार विचारला गेला. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र दरीचा भूगोल समजून घेतला, तर खालच्या बाजूस राहणाऱ्यांची खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी असल्याचे दिसते.

संथ नदी, कोरडे पठार

त्सांगपोचा उगम कैलास-मानसरोवराच्या आग्नेयेकडील हिमनद्यांमध्ये आहे. तेथून हिमालयाला समांतर असा तिचा प्रवास सरासरी चार हजार मीटर उंचीवरून होतो. इतक्या उंचीवरून वाहणारी दुसरी मोठी नदी जगात नाही. शिगात्से, त्सेतांग ही गावे याच खोऱ्यातली. ल्हासाची नदी क्यीछू हिलाच येऊन मिळते. पात्र रुंद, प्रवाह संथ, काठाला सातूची शेती आणि मधूनमधून चक्क वाळूच्या टेकड्या. कातडी होड्यांतून माणसे आणि माल येथे शतकानुशतके ने-आण होत असे.

वाळूच्या टेकड्यांचे कारण महाराष्ट्रातील वाचकास सहज उमगेल. कोकणात धो धो कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडला की विरतो आणि पुढे माणदेशासारखा अवर्षणाचा प्रदेश लागतो. तीच गोष्ट येथे काही पटींनी मोठ्या प्रमाणावर घडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना हिमालयाची भिंत आडवी येते आणि पठाराच्या वाट्याला अल्प पाऊस येतो. या भिंतीत एकच मोठी फट आहे, ती म्हणजे त्सांगपोची दरी. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग त्या फटीतून आत घुसतात. म्हणूनच वळणाच्या आतल्या मेटोक परगण्यात केळी पिकतात आणि त्याच केळीच्या बागांवर हिमनद्या लोंबत असतात.

साहजिकच नदीत पाणी भरते ते प्रामुख्याने या वळणानंतर. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सर्मा यांनी जून २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ब्रह्मपुत्रेच्या एकूण पाण्यापैकी जेमतेम ३० ते ३५ टक्के पाणी चीनच्या हद्दीतून येते. उरलेले भारतातल्या पावसाचे आणि उपनद्यांचे. सीमेवरील तुतिंग येथे सेकंदाला दोन ते तीन हजार घनमीटर असणारा प्रवाह पावसाळ्यात गुवाहाटीजवळ १५ ते २० हजार घनमीटर होतो, असे त्यांनी त्या वेळी निदर्शनास आणून दिले होते.

दोन शिखरांमधली फट

पे या गावापाशी नदी समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० मीटर उंचीवर असते. येथपर्यंतची त्सांगपो आणि येथून पुढची त्सांगपो या जणू दोन निराळ्या नद्या आहेत. पात्र आवळत जाते. उजव्या हाताला ७,७८२ मीटर उंचीचे नामचा बरवा, डाव्या हाताला ७,२९४ मीटर उंचीचे ग्याला पेरी. दोन्ही शिखरांमधील अंतर उणेपुरे वीस किलोमीटर. नामचा बरवाच्या माथ्यापासून खालच्या पाण्यापर्यंतची उभी उतरण सुमारे पाच हजार मीटर भरते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. अशी तीन कळसूबाई एकावर एक रचली, तरी या दरीच्या काठाला हात लागणार नाही.

चिनी शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ही जगातील सर्वांत खोल दरी असल्याचे जाहीर केले. त्यांच्या मोजणीनुसार दरीची लांबी सुमारे पाचशे किलोमीटर आणि कमाल खोली सहा हजार मीटरहून थोडी अधिक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची जगप्रसिद्ध ग्रँड कॅन्यन लांबीला ४४६ किलोमीटर असून तिची खोली सुमारे १,८५० मीटर आहे. तुलना मात्र तितकीशी सरळ नाही. ग्रँड कॅन्यन सपाट पठारात कोरलेली असल्याने तिला स्पष्ट काठ आहे. काठावर उभे राहावे आणि खाली पाहावे. त्सांगपोच्या दरीला असा काठ नाही. येथे खोली मोजतात ती शिखरापासून. त्याच न्यायाने नेपाळात धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधून वाहणाऱ्या काली गंडकीची दरीही या मानाची दावेदार ठरते. विक्रमाचा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट वादातीत आहे. इतके पाणी इतक्या थोड्या अंतरात इतके खाली कोसळते, असे दुसरे स्थान पृथ्वीवर शोधूनही सापडणे कठीण. पे आणि मेटोक यांच्यामध्ये डोंगराच्या आरपार सरळ रेषा ओढली, तर अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर भरते. नदी मात्र सुमारे दोनशे किलोमीटरचा फेरा घेऊन तेथे पोहोचते आणि तेवढ्यात दोन हजार मीटर खाली उतरलेली असते. प्रकल्पाचे सारे गणित या एका वाक्यात आहे.

डोंगर आधी की नदी?

परशुरामाने आपल्या परशूने पर्वत फोडून ब्रह्मपुत्राला वाट करून दिली, अशी पुराणकथा आहे. समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण करणारा हाच तो परशुराम. अरुणाचलातील लोहित नदीवर त्याच्या नावाचे कुंड असून मकरसंक्रांतीला तेथे स्नानासाठी गर्दी लोटते. (मराठीत ब्रह्मपुत्रेला आपण बिनदिक्कत स्त्रीलिंगी करून टाकले आहे. मूळ संस्कृतात तो ब्रह्मपुत्र, नद आहे.)

भूशास्त्रज्ञांचे उत्तर या कथेच्या नेमके उलट आहे. नदीने डोंगर फोडला नाही. नदी वाहत असतानाच तिच्या वाटेत डोंगर वर आला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला धडकला, त्यातून हिमालय उभा राहिला. या धडकेचे ईशान्य टोक म्हणजे नामचा बरवा. येथे पर्वतरांग कोपरातून दुमडावी तशी वळते आणि खडकांवर दोन बाजूंनी दाब येतो. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. दरीच्या वरच्या अंगाला, नदीच्या रुंद पात्रात, शास्त्रज्ञांनी विंधनविवरे घेतली. वाळू आणि गोट्यांचा थर पाचशे मीटरहून अधिक खोल गेला आणि त्याखाली जुनी, गाडली गेलेली दरी सापडली. याचा अर्थ असा, की एकेकाळी नदी तेथेही खोल दरीतूनच वाहत होती. पुढे सुमारे २० ते २५ लाख वर्षांपूर्वी नामचा बरवाचा परिसर वेगाने उचलला जाऊ लागला, नदीच्या वाटेत उंबरा उभा राहिला, त्यामागे गाळ साचून जुनी दरी बुजली आणि उंबऱ्याच्या पुढच्या बाजूस आजची उतरण तयार झाली.

मग नदीने जे केले ते अधिक विलक्षण आहे. ती उंबरा कापीत राहिली आणि तिने कापावे तसा डोंगर आणखी वर येत राहिला. वरचा खडक वाहून गेल्यामुळे खालच्या तप्त, मऊ खडकावरचा भार हलका होतो. तो खडक वर सरकतो, डोंगर उंचावतो, उतार तीव्र होतो आणि नदीची धार पुन्हा वाढते. रक्तवाहिनीची भिंत जेथे अशक्त असते तेथे फुगवटा येतो, त्यावरून शास्त्रज्ञांनी या प्रक्रियेला नावही तसेच दिले आहे. पर्वताच्या उंचीला नदीच कारणीभूत आहे, हा विचार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पण नामचा बरवाच्या पोटातून वर आलेले खडक भूशास्त्रीय मोजमापाने अगदी कोवळे, एक कोटी वर्षांहूनही अलीकडे घडलेले आहेत. इतक्या थोड्या काळात ते पृष्ठभागावर आले याचाच अर्थ त्यांच्यावरचे किलोमीटरोगणती जाडीचे आवरण नदीने खरवडून नेले.

ते गेले कोठे? आसाम आणि बांगलादेशात. ब्रह्मपुत्रेच्या गाळापैकी जवळजवळ निम्मा गाळ खोऱ्याच्या या अगदी लहानशा कोपऱ्यातून येतो, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. आसामातील भातशेतीची माती आणि दरवर्षी बदलणारी नदीची पात्रे यांचा मोठा हिस्सा नामचा बरवाच्या पोटातून निघालेला आहे.

पाचशे ओंडक्यांची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात त्सांगपो पुढे कोठे जाते यावर युरोपातील भूगोलतज्ज्ञांत दोन तट होते. ती ब्रह्मदेशातील इरावतीला मिळते, असे एका तटाचे म्हणणे, तर ती ब्रह्मपुत्राच असावी, असे दुसऱ्याचे. गोऱ्या अधिकाऱ्यांना तिबेटमध्ये प्रवेश नव्हता. त्यामुळे सर्वेक्षण खात्याने भारतीय माणसे यात्रेकरूंच्या वेषात पाठविली. नैनसिंह रावत यांनी जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजीत वरच्या त्सांगपोची नोंद केली. वळणाचे कोडे मात्र तसेच राहिले.

१८८० मध्ये कॅप्टन हार्मन यांनी एक साधी युक्ती काढली. खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे, रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस, आणि आसामात नदीवर पाळत ठेवायची. या कामी एक लामा आणि त्याचा मदतनीस म्हणून सिक्कीमचा किनथुप यांची निवड झाली. किनथुप निरक्षर होता. वाटेत लामाने पैसे उडविले आणि एके दिवशी किनथुपला एका तिबेटी अधिकाऱ्याकडे गुलाम म्हणून विकून तो पसार झाला. किनथुप तेथून निसटला, तो घरी न जाता नदीच्या दिशेने. मारपुंगच्या मठात त्याचा पाठलाग करणारे पोहोचले, तेव्हा मठाच्या प्रमुखाने पन्नास रुपये मोजून त्याला विकत घेतले. पुढे यात्रेच्या निमित्ताने रजा मागून त्याने पाचशे ओंडके तोडले, खुणा केल्या आणि गुहेत लपवून ठेवले. पुन्हा रजा काढून ल्हासा गाठले, दार्जिलिंगला पत्र धाडले, ओंडके कोणत्या दिवसापासून सोडणार ते कळविले आणि परत मठात येऊन राबू लागला. ठरलेल्या दिवशी त्याने रोज पन्नास ओंडके नदीत सोडले.

ते पाहायला आसामात कोणी नव्हते. पत्र पोहोचले तेव्हा हार्मन भारत सोडून गेले होते. पाचशे ओंडके बंगालच्या उपसागराकडे निघून गेले. चार वर्षांनी किनथुप परतला. त्याने तोंडी सांगितलेली हकीकत दुसऱ्याने लिहून घेतली आणि त्यात एका ठिकाणच्या लहान धबधब्याची दुसरीकडच्या उंच धबधब्याशी गल्लत झाली. परिणामी दीडशे फुटी धबधब्याची आख्यायिका जन्माला आली आणि किनथुपच्या शब्दावर मात्र फारसा विश्वास ठेवला गेला नाही.

१९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी पायी त्या भागात हिंडले, तेव्हा त्यांना किनथुपचे वर्णन तपशिलाबरहुकूम खरे आढळले. त्यांच्याच सर्वेक्षणाचा उपयोग पुढे मॅकमहोन रेषा आखताना झाला. त्यानंतर बेली यांनी दार्जिलिंगमध्ये किनथुपला शोधून काढले. तो शिवणकाम करून पोट भरत होता. बेली यांच्या आग्रहावरून सरकारने त्याला एक हजार रुपये दिले. थोड्याच दिवसांत तो वारला.

१९२४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक किंग्डन-वॉर्ड दरीत बरेच आतवर गेले. शेवटचे काही किलोमीटर मात्र त्यांनाही पार करता आले नाहीत. त्या तुकड्यात दडलेला सुमारे ३३ मीटर उंचीचा धबधबा १९९८ मध्ये अमेरिकी आणि चिनी पथकांनी स्वतंत्रपणे ‘शोधला’ आणि शोधाचा मान कोणाचा यावर बराच शब्दच्छल झाला. तेथील मोनपा शिकारी त्या धबधब्याकडे आधीपासूनच येत-जात होते, ही बाब त्या वादात मागे पडली. तिबेटी बौद्धांच्या श्रद्धेनुसार हा सारा प्रदेश म्हणजे पेमाको, संकटकाळी आश्रय देणारी गुप्त भूमी. मेटोकपर्यंत मोटाररस्ता पोहोचला तोच २०१३ मध्ये. मे २०२३ मध्ये याच परिसरात १०२.३ मीटर उंचीचा सुरूच्या कुळातील वृक्ष आढळला. तो आशियातील सर्वांत उंच वृक्ष ठरला आहे.

दरडी आणि बांध

कोवळे खडक, उभे उतार, मुसळधार पाऊस, हिमनद्या आणि भूकंप हे सारे एकत्र आले की दरडी कोसळणारच. दरीची खरी जोखीम येथे आहे. अरुंद पात्रात दरड कोसळली, की नदीवर नैसर्गिक बांध तयार होतो, मागे तलाव साचतो आणि एके दिवशी बांध फुटतो.

१५ ऑगस्ट १९५० रोजी ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने दरीच्या पूर्वेकडील रिमा परिसर हादरला. योगायोग असा, की किंग्डन-वॉर्ड पत्नीसह त्या रात्री रिमा येथेच मुक्कामाला होते. ब्रह्मपुत्रेच्या उपनद्यांवर दरडींचे बांध पडले. सुबनसिरीवरील बांध काही दिवसांनी फुटला आणि गावे वाहून गेली. डोंगरांतून आलेल्या गाळाने दिब्रुगडजवळ नदीचे पात्र वर उचलले गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत नदीने त्या शहराचा मोठा भाग गिळला.

२००० सालची घटना अधिक बोलकी आहे. ९ एप्रिल रोजी वळणाच्या उत्तरेकडील यिगोंग या उपनदीत सुमारे ३० कोटी घनमीटर दगडमाती कोसळली. तलाव भरत गेला. तब्बल दोन महिने तो भरत होता. १० जून रोजी बांध फुटला आणि पाण्याची भिंत दरीतून सियांगमध्ये उतरली. अरुणाचलात सुमारे ३० जण दगावले, पूल वाहून गेले, हजारो लोक बेघर झाले. सियांगच्या काठी राहणाऱ्या आदी जमातीच्या गावांना त्या दोन महिन्यांत वरच्या तलावाची गंधवार्ताही नव्हती.

या आपत्तीनंतर दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, पावसाळ्यातील पाणीपातळीची माहिती देण्याबाबत चीनने भारताशी करार केला. १ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत ही आकडेवारी मिळू लागली. २०१७ मध्ये, डोकलामच्या तणावाच्या वर्षी, ती मिळाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सियांगचे पाणी काळपट, गढूळ झाले आणि पासीघाटच्या लोकांत घबराट पसरली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्यालाजवळ हिमनदीचा भाग दगडमातीसह कोसळून त्सांगपो दोनदा अडली. या वेळी मात्र चीनने वेळीच कळविले आणि अरुणाचल-आसामात नदीकाठच्या लोकांना सावध करता आले. १८ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत दरी तीच होती, दरडीचा प्रकारही जवळपास तोच. फरक पडला तो निरोपामुळे.

बोगद्यातली नदी

प्रकल्पाची जी माहिती चीनने जाहीर केली आहे, तीनुसार नदीचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून वळणाच्या पलीकडे नेले जाईल आणि ओळीने पाच वीजकेंद्रे उभारली जातील. अपेक्षित खर्च १.२ लाख कोटी युआन. क्षमता सुमारे ६० हजार मेगावॅट, म्हणजे जगातील सध्याच्या सर्वांत मोठ्या थ्री गॉर्जेस धरणाच्या अडीचपटीहून अधिक.

तत्त्व नवे नाही. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सोडून वीज निर्माण करण्याचे काम महाराष्ट्र १९६० च्या दशकापासून करीत आहे. फरक दोन आहेत. कोयनेचे पाणी पूर्वेकडचे पश्चिमेकडे वळविले जाते, मूळ नदीला ते परत मिळत नाही. त्सांगपोचे पाणी वळणाखाली त्याच नदीत परत येईल. म्हणून नदी कोरडी पडेल ही भीती, निदान जाहीर आराखडा पाहता, अतिशयोक्त वाटते. दुसरा फरक जमिनीचा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरण आणि भूकंप यांचे नाते हा जगभरच्या अभ्यासाचा विषय झाला, आणि तो तर तुलनेने शांत दख्खनचा कातळ होता. नामचा बरवाच्या पायथ्याशी जमीन आपली आपणच हलत असते. तेथे बांधलेल्या कोणत्याही बांधाच्या दैवात दरडी, हिमकडे आणि भूकंप लिहिलेले आहेत. शिवाय वीजनिर्मितीसाठी पाणी कधी रोखायचे आणि कधी सोडायचे, हे वरून ठरेल. गाळ अडला तर आसामातील नदीकाठ कसे वागतील, हा प्रश्न निराळाच.

भारतातही याबाबत एकमत नाही. अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी २०२५ मध्ये या प्रकल्पाला जलबॉम्ब म्हटले, तर शेजारच्या आसामच्या मुख्यमंत्र्यांचा सूर तितका भयग्रस्त नव्हता. अचानक सोडलेला लोंढा झेलण्यासाठी सियांगवर अकरा हजार मेगावॅटहून मोठा बहुउद्देशीय प्रकल्प उभारण्याची भारताची योजना आहे. नदीला ‘आने सियांग’, म्हणजे सियांग माता, म्हणणाऱ्या आदी शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. वरच्या धरणाच्या धास्तीने बांधलेल्या खालच्या धरणात आपलीच भातखाचरे आणि गावे बुडणार, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोडून काढणे सोपे नाही.

या साऱ्यात माहितीचा तो करार जून २०२३ मध्ये संपला. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी नवी दिल्लीत आले असता, आणीबाणीच्या प्रसंगी मानवतावादी भूमिकेतून जलविषयक माहिती देण्याचे चीनने मान्य केले आणि करारांच्या नूतनीकरणाबाबत संपर्कात राहण्याचे ठरले. आणीबाणी कशाला म्हणायचे, ती कोणी ठरवायची आणि तुतिंगला किती तासांत कळवायचे, याचा तपशील त्या निवेदनात नाही.